दारातला हत्ती

आमच्या बोळातून रिक्षासुद्धा नीट वळत नाही. तरी त्या बोळाच्या तोंडाशी, सार्वजनिक नळाच्या शेजारी, सोळा वर्षे आमची एक लांबलचक मोटार उभी होती. पांढरी टाटा इस्टेट. पाहुणे पत्ता विचारीत आले की पोरे सांगत, "ती मोठी गाडी दिसतीया न्हवं, तिच्या मागचं घर." २०२५ च्या डिसेंबरात ती गेली. जागा मोकळी झाली. त्या मोकळ्या जागेकडे पाहून जे मनात आले ते वाचक बंधू-भगिनींना सांगावे असे आम्हा सर्वांना वाटले. कारण जुनी मोटार स्वस्तात मिळते म्हणून घेण्याचा मोह आज आपल्या अनेक घरांत शिरलेला आहे.

आम्ही म्हणजे एकत्र कुटुंब. आण्णा, आई, शिरोलीच्या फौंड्रीत मोल्डर असलेले दादा, शिलाई करणाऱ्या वहिनी, रिक्षा चालविणारा धाकटा, त्याची बायको आणि मुले. गाडीचा हा हिशेब सर्वांचा आहे, म्हणून तो आम्ही सर्वांच्या नावानेच मांडीत आहोत.

आण्णा १९९३ पासून आठ वर्षे एका कारखानदाराच्या बंगल्यावर वॉचमन होते. रात्रपाळी संपली की घरी येण्याआधी मालकाची गाडी धुवायची, हेही त्यांच्याच कामात होते. ती गाडी इस्टेट. काच पुसायची, पायपुसणी झटकायची, पितळी बादलीतले पाणी चाकांवर मारायचे. आठ वर्षांत त्या गाडीच्या गादीवर आण्णा एकदाही बसले नाहीत. बस म्हणून कोणी म्हटले नाही आणि बसू का म्हणून यांनी विचारले नाही. हे आण्णांनी कधी रडून सांगितले नाही. फक्त रस्त्याने तशी गाडी गेली की ते मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत. आम्ही लहानपणापासून ती मान पाहिलेली होती.

ज्यांना ही गाडी आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तेव्हा टेल्को या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टाटांच्या कंपनीने १९५४ ते १९६९ या काळात जर्मनीच्या डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बनविले. पुढे १९८८ साली त्यांची टाटामोबाइल ही पिकअप आली, १९९१ साली सिएरा आणि १९९२ साली इस्टेट. इस्टेट ही स्टेशन वॅगन. पूर्वी पाश्चात्य देशांत रेल्वे स्टेशनावरून माणसे आणि त्यांचे सामान घरी पोहोचविणाऱ्या गाड्यांना हे नाव पडले. छप्पर मागच्या दारापर्यंत सरळ गेलेले, डिक्की वेगळी नाही, मागचे दार वर उघडले की सामानाची मोठी खोलीच. बटणाने खालीवर होणाऱ्या काचा, एसी, मखमली गाद्या या गोष्टी तेव्हा आपल्याकडे श्रीमंतीच्या समजल्या जात. दिसायला मर्सिडीजच्या वॅगनसारखी आहे असे लोक म्हणत. इंजिन मात्र १९४८ सीसीचे साधे डिझेल. हेच इंजिन १९९४ साली आलेल्या सुमोलाही होते आणि त्यामुळे आम्ही सोळा वर्षे तगलो. ते कसे, ते पुढे येईलच.

वॅगन आपल्याकडे फारशी रुजली नाही. मोठ्या कुटुंबाला सुमो बरी वाटली आणि ऐटीसाठी लोकांना मागे डिक्की असलेली मोटार हवी होती. २००० सालाच्या सुमारास इस्टेट बंद झाली. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, टाटांचीच इंडिगो मरिना अशा वॅगन आल्या, त्याही बंद पडल्या. कंपनीत बंद पडलेली गाडी बाजारात पटकन स्वस्त होते. श्रीमंताच्या दारातली वस्तू गरिबाच्या दारात येते ती बहुधा या वाटेने.

२००९ च्या एप्रिलमध्ये एका मध्यस्थाने दादांना ही गाडी दाखविली. १९९६ च्या जानेवारीत नोंदलेली, आमच्या आधी तीन मालक. किंमत बहात्तर हजार. "इंजिनाला अजून हातसुद्धा लावलेला न्हाई," असे तो म्हणाला. ते खरे होते. तेरा वर्षांत कोणी हात लावला नव्हता, हेच तर तिचे दुखणे होते! भिशीचे चाळीस हजार आणि पतसंस्थेचे बत्तीस हजार असे मिळून गाडी घेतली.

गाडी बोळाच्या तोंडाशी आली तेव्हा दादांनी मागचे दार उघडून आण्णांना म्हटले, "बसा." आण्णांनी आधी चपला काढल्या. आई म्हणाली, "अवो, आपलीच हाय गाडी, घाला चपला." मग ते बसले. धाकट्याने गाडी बिंदू चौकात नेली. तिथला बाबासाहेबांचा पुतळा त्यांच्या हयातीतला, भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने १९५० साली उभा राहिलेला. आण्णांनी खाली उतरून हात जोडले, पुन्हा मागच्या गादीवर बसले आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी आम्हाला बहात्तर हजार म्हणजे काहीच नाही असे वाटले.

आता वहीकडे वळू. वहिनींनी पहिल्या दिवसापासून गाडीच्या खर्चाची एक दोनशे पानी वही ठेवली. आम्ही त्यांना हसत होतो. आज ती वही नसती तर हा लेख लिहिता आला नसता.

वहीच्या पहिल्या पानावर गाडीची किंमत बहात्तर हजार. त्याखाली नाव बदलून घेणे साडेतीन हजार, चार टायर बारा हजार, बॅटरी साडेचार हजार. म्हणजे रस्त्यावर नीट उभी राहीपर्यंत ब्याण्णव हजार. दुसऱ्या पानापासून दुखणी सुरू होतात.

पहिले दुखणे सकाळचे. थंडीत गाडी सुरू होईना. धाकटा आणि पोरे ढकलत न्यायची आणि सगळी वस्ती दारात उभी राहून पाहायची. आम्ही समजलो बॅटरी गेली आणि नवी घेतली. खरे कारण हिटर प्लगचे होते. या जुन्या प्रकारच्या डिझेल इंजिनात डिझेल आधी एका लहान कप्प्यात पेटते. थंड इंजिनात तो कप्पा तापवायला प्रत्येक सिलिंडरला एक प्लग असतो. तो जळाला की सकाळी इंजिन नुसते खोकते. प्लग काही शेकड्यांत येत होते, आम्ही हजारांची बॅटरी घेऊन बसलो. दुखणे ओळखण्याआधी औषध घेतले की असेच होते.

दुसरे दुखणे काचांचे. ज्या बटणांच्या काचांचे एवढे कौतुक, त्यातली एक काच पहिल्याच पावसाळ्यात दारात आत पडली. मोटर मिळाली नाही. शेवटी लाकडाची पाचर मारून काच वर अडकविली आणि ती पाचर गाडीबरोबरच गेली. एसीचेही तसेच. जुन्या मोटारींच्या एसीत जो सीएफसी वायू असे, तो ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार आपल्या देशात २०१० पर्यंत बंद करण्यात आला. नव्या वायूसाठी नळ्या, सील, कॉम्प्रेसर बदलायचे म्हणजे गाडीच्या निम्म्या किमतीचा खर्च. आम्ही एसीच्या बटणाला हात लावला नाही. चैनीच्या गाडीतली चैन सर्वांत आधी मरते आणि ओझे तेवढे मागे राहते, हे आम्हाला तेव्हा कळले.

तिसरे दुखणे गंजाचे. पायाखालचे कार्पेट उचलले तर खालचा पत्रा चाळणीसारखा झालेला. मागच्या दाराच्या रबरातून पाणी झिरपायचे आणि स्टेपनीच्या खळग्यात साचायचे. रबर नवे मिळत नव्हते. मागचा दिवा फुटला तेव्हा तो शोधायला धाकटा पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत जाऊन आला.

इथेच सुमोचा उपयोग झाला. इंजिनाचे सामान सुमोचे चालायचे आणि ते कोल्हापुरात कुठेही मिळायचे. शिवाय आपले उद्यमनगर! तेलाच्या इंजिनापासून साखर कारखान्याच्या सुट्या भागांपर्यंत सगळे ज्या गावाने लेथवर काढले, तिथे एका मोटारीचे काय अडणार? मिळत नसलेले बुश आमच्या मिस्त्रींनी लेथवर काढून घेतले. म्हणजे पोटातले सामान मिळे, अंगावरचे मिळत नसे. जुनी गाडी घेणाऱ्याने हा फरक आधी विचारून घ्यावा. इंजिन दुरुस्त होते म्हणून गाडी दुरुस्त होईलच असे नाही.

चौथे दुखणे सर्वांत महागाचे, ते म्हणजे तापणे. २०१२ साली आंब्याच्या दिवसांत आम्ही कोकणातून परत येत होतो. करूळ घाट चढताना काटा लाल रेघेला टेकला. आम्ही बोअरचे क्षाराचे पाणी रेडिएटरमध्ये ओतत होतो आणि त्याने आतल्या बारीक नळ्या पांढऱ्या क्षाराने बंद केल्या होत्या. हेड गॅस्केट गेले. ऑइलचे झाकण काढले तर आतले ऑइल चहासारखे दुधाळ झालेले. पाणी आणि ऑइल एकत्र झाल्याची ती खूण. हेडचे काम सव्वीस हजार. पुढच्या वर्षी काळा धूर येऊ लागला म्हणून पंप आणि नोझल, साडेचौदा हजार. २०१५ साली क्लच, साडेसात हजार.

यातला दोष गाडी बनविणाऱ्याचा नव्हे. पंधरा-वीस वर्षे चाललेले यंत्र आहे, ते थकणारच. दोष आमचा. ज्याने ती नवी घेतली त्याची ऐपत नव्या गाडीची होती. आमची ऐपत जुन्या गाडीच्या किमतीची होती, तिच्या दुरुस्तीची नव्हती. गाडी जुनी झाली म्हणून तिची किंमत उतरते, पण तिच्या पिस्टनची, टायरची, मिस्त्रीच्या हाताची किंमत उतरत नाही. हत्ती म्हातारा झाला म्हणून त्याचा चारा कमी होत नाही.

मग तुम्ही विचाराल, ठेवली कशाला? तेही सांगतो. त्या गाडीने आम्हाला आणि वस्तीला पुष्कळ दिले. रात्री-अपरात्री कोणाच्या छातीत दुखले, कोणी बाळंतपणाला अडली, की आधी आमच्या दारावर थाप पडे. मागची गादी दुमडली की माणूस आडवा झोपू शके. सीपीआरच्या दवाखान्यात आम्ही किती फेऱ्या मारल्या ते वहीत नाही, कारण त्या फेऱ्यांचे डिझेल लिहायचे नाही असे आईने बजावले होते. दर २१ मार्चला माणगावला जाणे होई. १९२० साली शाहू महाराज आणि बाबासाहेब जिथे एका परिषदेत आले, त्या गावी आण्णांना आपल्या गाडीतून उतरताना पाहिले की दादांना पतसंस्थेचा हप्ता आठवत नसे. वस्तीतल्या पाच नवऱ्या मुली त्या गाडीतून सासरी गेल्या. दसऱ्याला दसरा चौकात राजघराण्याची मेबॅक मोटार पाहायला सारे कोल्हापूर लोटते. आमच्या पोरांना आपली इस्टेटही तिच्याच रांगेतली वाटे. हसण्यासारखे आहे, पण ज्या घरातल्या माणसाने आठ वर्षे नुसती गाडी पुसली, त्या घरातल्या पोरांना असे वाटणे ही लहान गोष्ट नव्हे.

आता जे सांगायला जड जाते ते सांगतो.

२०१७ साली दादांची मुलगी बारावी झाली. गुण चांगले पडले. नर्सिंगच्या पदवीला तिचा नंबर लागला. शिष्यवृत्ती मिळणार होती, पण ती नंतर. आधी प्रवेशाच्या वेळी भरायचे, वसतिगृहाचे आणि गणवेशाचे मिळून साठ हजार हवे होते. वहिनींनी दोन वर्षे रात्री शिलाई करून ते साठविले होते आणि बँकेत वेगळे ठेवले होते.

त्याच जूनमध्ये गाडी पुन्हा घाटात बसली. रेडिएटरची रबरी नळी फुगली आहे, बदला, असे मिस्त्रींनी महिनाभर आधी सांगितले होते. चारशे रुपयांची नळी. "पुढच्या महिन्यात बघू" असे आम्ही म्हणालो. नळी फुटली, पाणी गेले, काटा आधीच बंद पडलेला असल्याने कळले नाही आणि इंजिन जागेवर धरले. बोअर, पिस्टन, लायनर, बेअरिंग, क्रँक घासणे, सगळे मिळून अठ्ठावन्न हजार.

त्या रात्री घरात जे बोलणे झाले ते आम्हाला शब्दाशब्दाने आठवते. गाडी तशीच भंगारात घाला, असे वहिनी म्हणाल्या. दादा म्हणाले, आत्तापर्यंत एवढे घातले ते वाया जाईल. धाकटा म्हणाला, इंजिन नवे झाले की वडाप करू, लग्नाच्या भाड्याला देऊ, दोन महिन्यांत पैसे परत. सगळ्यांना ते पटले, कारण पटवून घ्यायचे होते. मुलगी कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिला कोणी विचारले नाही.

इंजिन झाले. मग आण्णांनी विचारले, पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडे कसे घेणार? खाजगी गाडी भाड्याने चालविणे कायद्याने गुन्हा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. "कुणाचं मानूस गेलं तर भरून द्यायला घर बी पुरायचं न्हाई," असे आण्णा म्हणाले. ते बरोबरच होते. पण ते साठ हजार खर्च होण्याआधी कोणाच्या डोक्यात आले नाही. पैसे परत जमले नाहीत. प्रवेशाची मुदत गेली.

पोरगी वर्षभर गांधीनगरच्या एका कापड दुकानात गठ्ठे उचलायला गेली. एक अक्षर बोलली नाही. रोज सकाळी त्या गाडीच्या शेजारून चालत जाऊन ती बस पकडायची. आम्ही तिला म्हणायचो, सोडू का गाडीने? ती म्हणायची, "नको, डिझेल लागतंय." विहाराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा संदेश लिहिलेला आहे. त्यातला पहिला शब्द 'शिका' हा आहे, 'मोटार घ्या' हा नाही. आम्ही तो रोज वाचत होतो.

पुढच्या वर्षी तिचा पुन्हा नंबर लागला आणि या वेळी पैसे वहिनींनी आम्हाला न सांगता आपल्या भावाकडे ठेवले होते. त्यांनी ते बरे केले.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट. त्या वर्षी पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेले. पाणी वस्तीत शिरायच्या आधी धाकट्याने गाडीच्या नऊ फेऱ्या मारून म्हातारी माणसे, बाळंतिणी आणि धान्याची पोती शाळेत पोहोचविली. दहाव्या फेरीला गाडी बोळाच्या तोंडाशीच अडकली आणि पाणी गादीपर्यंत चढले. पूर ओसरल्यावर ती चिखलाने भरलेली होती. इथे एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवावी. बुडालेल्या गाडीला कधीही चावी मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर हवा दाबली जाते तसे पाणी दाबले जात नाही, आणि इंजिनातला रॉड वाकतो. आधी पाणी काढायचे, ऑइल आणि डिझेल बदलायचे, वायरिंग सुकवायचे, मग सुरू करायचे. आम्ही एवढे शहाणपण दाखविले म्हणून इंजिन वाचले. तरी वायरिंग, स्टार्टर, अल्टरनेटर, गाद्या यांचे एकतीस हजार गेले. विम्यातून एक पैसा आला नाही, कारण आमचा विमा फक्त थर्ड पार्टी होता. तो आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर देतो, आपल्या गाडीचे नाही. एवढ्या जुन्या गाडीला पुरा विमा मिळणे अवघडच असते.

शेवटी कागदांचे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यायची. २०११ साली आमची पंधरा वर्षे भरली तेव्हा हे आम्हाला नव्याने कळले. पंधरा वर्षांवरच्या डिझेल मोटारीला पर्यावरण कराचे साडेतीन हजार आणि गाडी दाखविण्याजोगी करायला पत्रा-रंगाचे अठरा हजार गेले. २०२१ साली तसेच सोळा हजार. नोंदणी वाढविण्याची फी सहाशे रुपये होती ती १ एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार करण्यात आली. पंधराशे सीसीवरच्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा २०२२ पासून ७,८९७ रुपये, कर धरून नऊ हजारांच्या वर. लहान इंजिनाच्या मोटारीला, हजार सीसीच्या आतल्या, तोच विमा २,०९४ रुपये. म्हणजे गाडी कवडीमोल झाली तरी विमा इंजिनाच्या आकारावर. त्यात २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नव्या सुरक्षित नंबरप्लेटची सक्ती आली. डिझेल २०२१ सालीच नव्वदीच्या पुढे गेले होते आणि गाडी लिटरला दहा-अकरा किलोमीटरच्या पुढे जात नव्हती.

२०२६ च्या जानेवारीत नोंदणी पुन्हा संपणार होती. त्याआधी डिसेंबरात वहिनींनी वही उघडली आणि सर्वांसमोर बेरीज केली. खरेदी आणि पहिला खर्च ९२,०००. मोठी कामे आणि नोंदणीच्या वेळचा खर्च १,७४,५००. सोळा वर्षांचा विमा १,०८,०००. टायर, बॅटऱ्या, ब्रेक, बुश, ऑइल, पीयूसी अशी किरकोळ कामे १,३५,५००. एकूण पाच लाख दहा हजार. डिझेल वेगळे. गाडी सोळा वर्षांत अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर चालली. म्हणजे डिझेल न धरता किलोमीटरला दहा रुपयांच्या वर. बहात्तर हजारांची स्वस्त गाडी!

कोणी काही बोलेना. मुलगी आता एका दवाखान्यात नर्स आहे. ती म्हणाली, "आण्णांसाठी ठेवायची असेल तर या वेळचा खर्च मी देते." दादांनी खाली पाहिले. ज्या गाडीने तिचे एक वर्ष खाल्ले तिचाच खर्च ती द्यायला निघाली होती.

आण्णा म्हणाले, "न्हाई. बसायचं तेवढं बसलो. फकस्त कागद नीट रद्द करून घ्या. दुसऱ्याच्या दारात माझ्या नावानं उभी ऱ्हायला नको."

त्यांचे हे बोलणे व्यवहाराचे होते. गाडी नुसती भंगारवाल्याला दिली आणि नोंदणी रद्द केली नाही, तर उद्या तिच्या नंबरवर काहीही घडले की जाब मूळ मालकाला. म्हणून गाडी सरकारमान्य स्क्रॅप केंद्रातच द्यावी. तिथे दाखला मिळतो, त्यावर नोंदणी रद्द होते आणि पुढे नवी गाडी घेतल्यास करात सवलत मिळू शकते. गाडी विकायची असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर सही करून खरेदीदाराच्या नावावर ती चढल्याचे स्वतः पाहावे. "नंतर करतो" या शब्दावर चावी देऊ नये.

ज्यांना जुनी गाडी घ्यायचीच आहे त्यांना आमचे सांगणे एवढेच. घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. मोटारीत बसण्याचा हक्क कोणा एकाचा नाही. पण घेण्याआधी आपला मिस्त्री बरोबर न्या. थंड इंजिन सकाळी सुरू करून पाहा. धूर काळा असेल तर पंप-नोझल, निळा असेल तर इंजिन ऑइल खाते आहे, पांढरा थांबत नसेल तर पाणी आत जाते आहे. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण उघडून आतून वाफेचे भपकारे येतात का पाहा. येत असतील तर रिंगा गेल्या. कार्पेट उचलून पत्रा पाहा. नोंदणी कधी संपते ते पुस्तकात पाहा. आणि गाडीच्या किमतीइतकेच पैसे दुरुस्तीसाठी बाजूला निघत असतील तरच व्यवहार करा. मोठ्या इंजिनाच्या जुन्या ऐटीपेक्षा लहान इंजिनाची साधी गाडी बरी. आणि मुलांच्या शिक्षणाचे पैसे जिथे ठेवले असतील त्या खात्याला गाडीचा हात लागू देऊ नका. आमच्या वहीत सगळे आकडे आहेत, फक्त त्या एका वर्षाचा आकडा कुठे लिहायचा ते वहिनींना अजून कळलेले नाही.

गाडी नेली त्या सकाळी आण्णा लवकर उठले. आम्ही बाहेर येऊन पाहतो तो ते बादली आणि फडके घेऊन काचा पुसत होते. धाकटा म्हणाला, "आण्णा, ती भंगारात चालली हाय, पुसताय कशाला?" आण्णा म्हणाले, "ती मालकाची पुसायचो. ही आपली हाय."

आता रात्री दारावर थाप पडली तर आम्ही १०८ ला फोन लावून देतो. बोळाच्या तोंडाशी पोरे विटी-दांडू खेळतात. वहिनींच्या दोनशे पानी वहीत बरीच पाने कोरी उरली आहेत. धाकट्याची मुलगी यंदा दहावीला आहे. वहिनींनी वही उलटी धरली आणि मागच्या पानावर तिचे नाव लिहून हिशेब सुरू केला आहे.